कारल्याचा रस आणि जांभळाची पूड

प्रिय मंजूषा,

महिन्यातून एकदा अरेरा कॉलोनीतून गाडीनं यायचं, फीत बांधलेली बरणी आईंच्या हातात द्यायची, तासभर पाय चेपायचे आणि निघून जायचं. पुढे महिनाभर मी ऐकायचं, आमच्या मंजूषाचा हात किती मऊ. इथे बाग सेवनियात त्यांना आंघोळ मी घालते, पथ्याचं मी रांधते, शुगरच्या गोळ्या मी देते. माझ्या हाताला मऊ कोण म्हणणार, भांडी घासून त्याची खवणी झालीय. देवळातल्या बायकांना आई सांगतात, धाकटी सून बीएस्सी आहे, तिला झाडपाल्यातलं सगळं कळतं. थोरली काय करते ते कुणी विचारत नाही आणि त्याही सांगत नाहीत. मी काय, घरातला नळ. फिरवला की पाणी येतं, त्याचं कौतुक कसलं?

फोन केला असता, पण तू स्पीकर लावतेस आणि मागून रवींद्रभाऊजी हसतात. म्हणून हे पत्र. चौथीपर्यंत शाळा झालीय माझी, चुका काढत बसू नकोस.

शनिवारी आईंना चक्कर आली, आता बरं आहे, एवढंच ह्यांनी भाऊजींना सांगितलं. खरं काय ते माझ्याकडून ऐक. जेवायच्या आधी त्या ओट्याला धरून उभ्या होत्या, हात लटलट कापत होते, पाठ घामानं भिजलेली. मी कशीबशी खाली बसवलं, मशीनवर शुगर पाहिली तर आकडा इतका खाली की मला वाटलं मशीनच खराब झालंय. गिळता येत होतं हे नशीब. साखरेचं पाणी घोटघोट पाजलं. पदरानं घाम मी पुसतेय, आणि त्यांनी डोळे उघडून हाक मारली ती मंजूषा म्हणून. भान नव्हतं त्यांना, कळतं मला. तरी ते माझ्या मनातून जाणार नाही.

मग डॉक्टरीणबाईंकडे नेलं, तर त्यांनी पहिला प्रश्न हाच केला, गोळ्यांशिवाय आणखी काय घेता? तुझं नाव घ्यायला मी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात आईंनी दोन्ही सांगून टाकलं. हो, दोन्ही. सकाळी उपाशीपोटी माझा कारल्याचा रस, आणि नंतर मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले की तुझी जांभळाच्या बियांची पूड. हसू नकोस. तुझी बरणी आली त्याच आठवड्यात मी रस काढायला लागले होते. वाटलं, शुगर उतरायची तर माझ्या हातानं उतरू दे. बरणी अलमारीत ठेवून दिलीय असं त्या मला सांगायच्या, आणि रसाबद्दल तुला चकार शब्द बोलल्या नसणार. तू पाठवलेलं घ्यायचं, मी दिलेलं प्यायचं, वर गोळी आहेच. दोघींचं मन राखता राखता म्हातारी कोसळली.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्यांनी नीट समजावलं. पानाबियांचं आहे म्हणून अपाय करत नाही असं आपण म्हणतो ना, तसं नसतं. त्यात गुण असतो, म्हणूनच तो गोळीच्या गुणात मिळवला जातो आणि शुगर पार तळाला जाते. कारल्याची भाजी खा, खोकला झाला तर तुळस-आल्याचा काढा घ्या, पण औषध म्हणून रोज काही घ्यायचं तर आधी मला विचारा, त्यात काय काय आहे ते सांगा, एका वेळी एकच घ्या, आणि ते चालू असताना शुगर तपासत राहा. मग मला म्हणाल्या, पुडीत आणखी काय आहे? जांभूळ तेवढं वासावरून मी ओळखलेलं. मेथी असेल, गुडमारचा पाला असेल. तू घरी कुटलीस की पंसाऱ्याच्या दुकानातून तयार आणलीस, तेही ठाऊक नाही. घरातली सून मी, आणि सासूच्या पोटात काय जातं ते मला सांगता येईना.

तुझा यश तान्हा होता, पोट दुखून रडायचा, तेव्हा तू माझ्याकडेच पळत आली होतीस. ओव्याची पुरचुंडी मी तव्यावर शेकली आणि आधी माझ्या गालाला लावून पाहिली, पोराला चटका बसला तर ओव्याचा काय उपयोग? तेव्हा मला ताई म्हणायचीस तू. आता सुधावहिनी झाले.

रस मी त्याच दिवशी बंद केला. पूड मात्र बंद होत नाही, आणि त्यासाठीच हे लिहायला बसलेय. ह्यांनी सांगून पाहिलं. डॉक्टरीणबाईंना आई हो हो म्हणाल्या आणि घरी येऊन पुन्हा चमचा काढला. काल मी बरणी ओढायला गेले तर त्यांनी ती पोटाशी धरली आणि म्हणाल्या, "तू कुठे जाणार आहेस? तिचं टाकलं तर ती यायचीच बंद होईल." मी कुठे जाणार आहे, खरंच. माझ्या सांगण्यानं त्या थांबणार नाहीत, तुझ्या एका शब्दानं थांबतील, आणि हे तुला लिहिताना मला काय होतंय ते तुला कळणार नाही. गुरुवारी पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे न्यायचंय. त्याच्या आत रिकाम्या हातानं ये, पुडीत काय आहे ते सांग, आईंपाशी बस, आणि पूड नाही घेतली तरी मी येणार हे त्यांना तुझ्या तोंडानं सांग. आणि मग खरंच येत राहा. कौतुक तुझंच होऊ दे, मी ऐकून घेईन. येणार की नाही ते बुधवार संध्याकाळच्या आत भाऊजींच्या हाती लिहून पाठव.

तुझीच जाऊ,
सुधा