भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो

ठकू,

तुझा पहाटे कुठे डोळा लागला, म्हणून उठवलं नाही. दाराला दुसरं कुलूप बसवायला माणूस आणायला गेलोय. आल्यावर आपण दोघं पोलीस ठाण्यात जाऊ. तोवर माझा आवाज ऐकल्याशिवाय दार उघडू नकोस.

काल तुझा नवरा दारात येऊन उभा राहिला, तेव्हा तू विचारलंस, "बाबा, ह्याला पत्ता कुणी दिला?" मी म्हणालो, "काय माहीत." मी खोटं बोललो.

त्याच्या मारापासून तुला वाचवायला घर बदललं, नंबर बदलले, दारावर पाटीसुद्धा लावली नाही. पण माझी घड्याळदुरुस्तीची वेबसाइट तेवढी चालू ठेवली. फोटो कुठे काढला, ते फोन त्या फोटोतच नोंदवून ठेवतो. ती नोंद मी दर वेळी पुसतो. गेल्या आठवड्यात भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो घाईघाईत तसाच चढवला. काल तो गेल्यावर लगेच तपासलं, तर नोंद त्यात तशीच होती. फोटो काढून टाकलाय, पण आता काय उपयोग?

मग पत्ता आत्यानेच दिला असं समजून तू तिला फोन करून नको नको ते बोललीस. ती शपथा घेत होती आणि मी शेजारी मान खाली घालून बसलो होतो.

आज सकाळी तिला खरं सांगितलं. मला वाटलं, फाडफाड बोलेल. ती एवढंच म्हणाली, "दादा, पोरगी सुखरूप आहे ना?"

उठलीस की आधी तिला फोन कर.

बाबा