पाचवीची शाळा रस्त्याच्या पलीकडं

प्रिय दादा,

मंगल चौथी पास झाली. हे सांगायला लिहिते. आन दुसरं एक सांगायचंय, ते लिहायची लाज वाटते. तू जाऊन वर्ष झालं, तरी घरात काय झालं की पहिलं तुलाच सांगावंसं वाटतं. वहिनींना सांगितलं तर त्या रडतील, आमच्या ह्यांना सांगितलं तर हे हसतील. तू आधी हसायचास आन मग ऐकायचास. म्हणून तुला.

चौथीपर्यंतची शाळा आमच्या चाळीच्या मागंच हाय. पाचवीची मुंबई रस्त्याच्या पलीकडं. आपण लहान होतो तेव्हा त्या रस्त्यावर बैलगाड्या तरी असायच्या. आता नुसते ट्रक, टेम्पो आन कंपन्यांच्या बसगाड्या. परवा मी म्हणून टाकलं, मंगल आता घरीच राहील, बाळाला सांभाळंल. कुनी मला तसं सांगितलं न्हाई. सासूबाई उलट म्हणल्या, "अगं, चाळीतल्या सगळ्या पोरी जात्यात की." हेबी म्हणले, "तुला काय झालं?" मीच म्हणलं, दादा. शनिवारच्या आत जुन्या शाळेतनं दाखला काढून पाचवीच्या शाळेत द्यायचाय, न्हाईतर तिथली जागा जाते.

घाबरट शकू म्हणायचास तू मला. पण तू काय कमी घाबरट होतास? विद्यापीठात नोकरी लागली तेव्हा पहिल्या तासाच्या आदल्या दिवशी मला समोर बसवलंस. मी दहा वर्षांची, शाळा सुटून वर्ष झालेलं, मांडीवर आपला धाकटा भाऊ बाळू. तू भिंतीला पाठ लावून उभा. "राज्य म्हणजे काय?" असं विचारायचास आन तूच उत्तर द्यायचास. बाळू झोपला. तू कपाळाला हात लावलास, "बघ शके, वर्ग झोपला."

मी म्हणलं, "दादा, तू नळावरची भांडणं सोडवतोस तसं बोल की."

तू पहिल्यापासनं सुरू केलंस, हातवारे करून. बाळू दचकून उठला आन भोकाड पसरलं. केवढा खूश झालास तू! तेव्हापासनं सांगवीवरनं सायकल मारत विद्यापीठात जायचास, पॅन्टीला चाप लावून. डब्यात भाकरी दिली की लाजायचास, तिथं सगळे पोळी आणतात म्हणून. मग एक दिवस आईला म्हणलास, दोन भाकरी जास्त घाल, सगळे प्रोफेसर माझ्याच डब्यावर पडत्यात.

तू पुढारी कसा झालास ते आता सभेत लई मोठं करून सांगतात. मला विचारलं तर मी दोन वाक्यात सांगीन. कामावरनं काढलेली माणसं तुझ्याकडं अर्ज लिहून घ्यायला यायची, आन तू अर्ज लिहून झाल्यावर चप्पल घालायचास, "चला, मीबी येतो साहेबाकडं." जाऊन जाऊन लोकांनी तुला निवडणुकीलाच उभं केलं.

आन ती पहिली गेटसभा! आबा घरी येऊन सांगत होते, आमी पोट धरून हसत होतो. कंपनीची शिफ्ट सुटायची वेळ, माणसं बाहेर पडली, तू बाकड्यावर उभा राहून बोलायला लागलास. मागची माणसं आपसात बोलत होती. तू वर्गात करायचास तसं केलंस, खिशातनं वही काढलीस आन विचारलंस, "मागचे, नाव काय तुमचं?" एकानं सांगितलं, तू ते लिहिलंस. मग काय! "राव, निघा, नावं लिहून घेतोय, साहेबाचा माणूस दिसतोय." पाच मिनिटात गेट रिकामं. राहिले एकटे आबा, ते बी बाप म्हणून.

आबा तुला म्हणले, "पोरा, तिथं विद्यार्थी न्हाईत. तिथं घाबरलेली माणसं हायत."

त्या निवडणुकीत पडलास. नोकरी सोडून बसलेला, आई आठ दिवस तुझ्याशी बोलली न्हाई. पुढच्या वेळी मात्र वही घरी ठेवून गेलास, आन दिल्लीला पोचलास. नंतर मंत्री झालास. पण मास्तरकी काय सुटली न्हाई. मी दिल्लीला पत्र पाठवलं, तर तू तेच पत्र लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवलंस, खाली दहापैकी सहा मार्क. मी महिनाभर अबोला धरला. तुला दिल्लीत तो कळला पण न्हाई.

आता जे लिहिते ते आपण दोघांनी कुनाला सांगितलेलं न्हाई.

पिंपरीच्या मैदानात तुझी सभा झाली, तू पोरींच्या शाळेवर बोललास. मी बायकांच्यात बसलेली, मांडीवर मंगल. सगळ्यांच्या आधी टाळी मीच वाजवली. घरी जाईस्तोवर मला असा राग आला, काय सांगू. तू चहाला आलास, दारात लाल दिव्याची गाडी. मी चहा दिला आन विचारलं, "दादा, माझी शाळा सोडवली तेव्हा कुठं होतास?"

तू कप खाली ठेवलास. म्हणलास, "तिथंच होतो. आईनं तुझी पाटी बाळूला खेळायला दिली. माझी परीक्षा होती, मी बघितलं आन पुस्तकात मान घातली."

"बोलला असतास तर?"

"तर आईनं ऐकलं असतं, शकू. पण मग बाळूला कोण बघणार? मला वाटलं, माझंच शिक्षण सुटंल. घाबरलो."

एवढा दिल्लीचा माणूस, आन असं खरं बोललास. माझा राग गेला न्हाई. पण तुला दुसरा कप दिला, आठवतं?

आज सकाळी मंगल माझ्याजवळ आली. म्हणाली, "आई, माझं काय चुकलं? मी तर पास झाले." दादा, माझ्या हातातनं पीठच सांडलं. तुला निदान परीक्षा होती. मला काय होतं? नुसता रस्ता.

तसंच बाळ कडेवर घेतलं आन तिला घेऊन रस्त्यावर गेले. लई वेळ उभी राहिले. एका पोरापोरींच्या घोळक्यात मोठी एक मुलगी होती, वेण्या घातलेली. ती ट्रकासमोर हात करून उभी राहिली. ड्रायव्हर ओरडला, "ए भवाने, घरी आई-बाप न्हाईत का?" ती म्हणाली, "हायत की. तुमालाच ब्रेक न्हाई." मंगल खदाखदा हसली. मला घाम फुटलेला, पण मीबी हसले. त्यांच्या मागनं आमी रस्ता ओलांडला. शाळेच्या पायरीवर बसलो, पाणी प्यालो आन परत आलो. मंगल म्हणाली, "आई, हात सोड, दुखतोय."

घरी येऊन सांडलेलं पीठ भरलं आन हे लिहायला बसले.

दादा, उद्या दाखला काढते. जूनपासनं रोज तिला पलीकडं नेऊन सोडीन, सुटायच्या वेळी आणायला जाईन. भीती जाईल असं काय मी तुला सांगत न्हाई. न्हाई गेली तर तिला घेऊनच ओलांडीन. आन मंगल एक दिवस म्हणली, आई, आता तू येऊ नको, मला मैत्रिणी हसत्यात, तर मी अलीकडंच उभी राहीन, ती पलीकडं पोचली का बघायला. पण ती जाणार. हे मी तुला शब्द देते.

तुझी,
शकू