दादा कुठं मोजायचा?

पुणे, फेब्रुवारी २००३

आदरणीय बाबा,

जयभीम. आमी दोघं बहीणभाऊ बरे आहोत. आईचा गुडघा कसा हाय? शेळी व्याली का?

कारखान्यांची आकडेवारी काढणाऱ्या आमच्या हापिसात काल पेढे वाटले. कमी कामगारांत जास्त माल निघतोय म्हणे, सुधारणा झाली! किळस आली मला. त्या कमी झालेल्यांत आपला सुरजदादा हाय. कंपनीनं त्याला काढून ठेकेदाराकडं दिलं. मशीन तीच, पाळी तीच, पगार अर्धा. अन् ठेकेदाराची माणसं आमी कारखान्याच्या मोजणीत धरतच न्हाई.

साहेबाला सांगितलं, तर म्हणाला, "पेढा घे."

आईला सांगू नका. पुसेगावात तुमी सांगता ना, पोरगं कंपनीत हाय म्हणून? खुशाल सांगा बाबा. तो तिथंच हाय.

तुमची लेक,
करुणा