ताई, इथे कोणता?

१४ मार्च

चि. बारक्यास,

आशीर्वाद द्यायची पद्धत आहे म्हणून देते. तब्येत बरी. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, उजव्याचं पुढच्या महिन्यात. तुझ्या गुडघ्याची खबर तुझ्या बायकोकडून मिळते.

पुस्तक पोचलं. आपल्या उल्कावीर चित्रकथेचे सगळे जुने अंक एकत्र, जाड कागद, चांगली बांधणी, आणि काळंपांढरं. हे मला पाठवायची हिंमत तुला झाली कशी, ते आधी सांग.

तुझा तो पोरगेला प्रकाशक प्रस्तावनेत म्हणतो, "रंगांचा गोंगाट काढल्यावर रेषा मोकळी झाली." गोंगाट म्हणे. एकोणीस वर्षं प्रेसच्या मागच्या खोलीत बसून मी गोंगाट करत होते. उल्कावीराचा झगा तू निळा सांगितला होतास, आकाशात दिसेनासा झाला असता. लाल मी केला. तुझा राक्षस दर वेळी भोपळ्यासारखा व्हायचा, हिरव्याच्या तीन छटा देऊन त्याची भीती वाटेल असं मी केलं. आता रंग नाहीत म्हणून आतल्या पानावरून माझं नावही गेलं. चहा आणून देणाऱ्याचे आभार मात्र आहेत.

तुझ्याकडून हे नवीन नाही म्हणा. तुझ्या त्या सत्काराच्या दिवशी माइकसमोर तूच म्हणालास, "रंग काय, कुणीही भरतं." मी तिसऱ्या रांगेत बसले होते. दुसऱ्या दिवसापासून प्रेसची पायरी चढले नाही. तू म्हणशील, ताई तेच तेच उगाळते. उगाळणारच. एकतीस वर्षं उगाळतेय, अजून झिजलं नाही.

पुस्तक रद्दीत टाकायचं ठरवूनच उघडलं. खोटं कशाला बोलू, दुपारची भांडी तशीच पडून राहिली. रंग नसले की तुझी रेषा काय दिसते रे. गच्चीच्या कडेला उभा उल्कावीर, खाली सगळं शहर काळं, आणि त्याच्या खांद्यावर तेवढा पांढरा कागद सोडलेला. माझ्या रात्रीच्या निळ्याखाली तो खांदा झाकला गेला होता. त्याचाही राग आला. कुणाचा, ते मला ठरवता येईना.

मग भिंग घेतलं, तर चित्रांत फिकट राखाडी अक्षरं. तुझं अक्षर. रंग मी वेगळ्या कागदावर भरायचे; मूळ पानांवर तू फिक्या निळ्या पेन्सिलीने मला सूचना लिहायचास. छपाईच्या जुन्या कॅमेऱ्याला तो निळा दिसायचा नाही, म्हणून आपण त्या कधी खोडल्या नाहीत. नव्या यंत्राला दिसतो. तुम्हा शहाण्यांपैकी एकानेही तपासलं नाही आणि सगळं छापून आलंय. "ताई, झगा लाल, तू जिंकलीस." "ताई, बूट राहिले." "ताई, चिडू नकोस, राक्षस पुन्हा जाडा झालाय." माझं नाव काढलंत आणि पानापानावर मलाच हाका मारत बसलायत.

पण शेवटचे सहा अंक मी रंगवलेच नव्हते. ते तू पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून करून घेतलेस, मूळ पानं माझ्याकडे आलीच नाहीत. त्यांतही तेच. "ताई, भिंत फिकी." "ताई, सावली तूच ठरव." पेंटर चांगला मिशीवाला बाप्या होता, बारक्या. त्याला ताई म्हणायचास का?

शेवटच्या पानावर उल्कावीर पाठमोरा निघून जातो, तिथे आकाशात लिहिलंयस, "ताई, इथे कोणता?" पेंटरने तिथे पिवळा थापला होता. मला आठवतं, कारण ते सहाही अंक मी विकत घेतले होते. हे तुला कधी सांगणार नव्हते.

पुढच्या आवृत्तीत माझं नाव घाल, नाहीतर मी त्या प्रकाशकाच्या दारात येऊन बसेन. आणि ती अक्षरं पुसायची नाहीत. एकही नाही.

आकाश जांभळं. खाली कडेला थोडं नारिंगी. एवढं विचारायला घरी यायचं होतंस.

तुझी,
कुणीही