सालानं ठेवलेला डॉक्टर

६ फेब्रुवारी १९६१, अकोला

गिरणी बंद! फाटकावर 'तात्पुरती' अशी पाटी लावली आहे म्हणे. हे भर दुपारी घरी आले, टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "रमा, चारूची सुई आता कुठे द्यायची?" नोकरी गेली हे सांगायच्या आधी हे विचारलं. मग सांगायला उरलंच काय?

पगाराचं मला तेवढं नाही. शिकवण्या करीन, शिवण घेईन, भरून काढू कसंही. पण डॉक्टर गिरणीचा होता, औषधही गिरणीचं. मागच्या वर्षी चारूला सांध्यांचा ताप आला आणि जाता जाता हृदयाला धक्का लावून गेला. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई — ती मोठी होईपर्यंत. सुई चुकली तर ताप उलटेल, हृदय आणखी बिघडेल, असं गिरणीच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून बजावलं होतं. आठ वर्षांची पोर. दिसायला अगदी धडधाकट. कुणाला सांगून खरं वाटायचं नाही.

९ फेब्रुवारी

अमरावतीला जायचं ठरलं. राजापेठेत माझे मामा बापूसाहेब वकिली करतात. घरामागच्या दोन खोल्या देतो म्हणाले, आणि यांना आपल्याकडे कारकुनी. हे 'बरं' म्हणाले.

१५ फेब्रुवारी, अमरावती

सामान लागलं. चूल पेटली. मामींनी आल्या आल्या मला स्वयंपाकघरात नेऊन दार लोटलं. चारूच्या हृदयाचं इथे कुणाजवळ बोलू नकोस, पोरीची जात आहे, उद्या स्थळं बघायची आहेत — असं सगळं. कुणी विचारलंच तर 'शक्तीची सुई' म्हणून सांगायचं. मला पटलं. कुठल्या आईला पटणार नाही?

२० फेब्रुवारी

मामांचे स्नेही मोरोपंत आले होते. विम्याचं काम करतात. मला वाटलं, देवच धावला! चहा दिला, पोहे दिले, मग विचारलं — घरातल्या आजारपणाचा विमा उतरवता येतो का? मोरोपंत म्हणाले, "रमाबाई, माणूस गेल्यावर पैसे मिळतात. आजारी पडल्यावर नाही." आणि हसले. मी नाही हसले. पोहे उगाच दिले.

कामगारांसाठी सरकारचा आजारपणाचा विमा आहे असं मामांनी सांगितलं, पण तो नोकरीवर असलेल्यांना. म्हणजे नोकरी गेली की आजारानंही आपल्या वाटेनं जावं, अशी अपेक्षा असावी.

२४ फेब्रुवारी

सरकारी दवाखान्यात गेले होते. गर्दी ही एवढी. आमची पाळी आली तेव्हा कंपाउंडरनं रिकामं कपाट उघडून दाखवलं. पेनिसिलिन कधी येईल, त्यालाही ठाऊक नाही. त्याच्याशी भांडून काय होणार? तरी भांडले.

शेवटी बाजारातून बाटली घेतली. किंमत इथे लिहीत नाही, वाचून पुन्हा जीव जळेल.

२५ फेब्रुवारी

आमच्याच गल्लीच्या तोंडाशी एका तरुण डॉक्टरांनी दवाखाना टाकला आहे. डॉ. पिंपळखुटे. आत गेलो तर डॉक्टर, वर्तमानपत्र आणि बाकावर एक मांजर. आम्हाला पाहून गडबडीनं उभे राहिले — डॉक्टर! हात हलका आहे. चारू रडली नाही. कागदपत्रं नीट वाचली, छाती ऐकली, सुई कुठल्याही परिस्थितीत चुकवू नका म्हणाले.

दर वेळी फी जमणार नाही असं मी स्पष्टच सांगितलं. "जमेल तेव्हा द्या," म्हणाले. पण या माणसाची चप्पल शिवलेली होती. त्याच्याकडून फुकट कसं घ्यायचं?

पाडवा

समोरच्या जानरावांच्या ओसरीवर सकाळपासून बैठक. त्यांची शेती बडनेऱ्याकडे आहे. आज सालदार ठरवायचा दिवस. गुढी उभी झाली की वर्षभरासाठी गडी बोलायचा, ही इकडची रीत. गूळपाणी झालं, गडी ठरला, आणि जानराव मोठ्या समाधानानं यांना सांगत होते, "एकदा सालाचं बोलून टाकलं का डोक्याले ताप नाई. काम निघो का न निघो, मानूस आपला."

मी दारात कडुलिंबाची पानं निवडत होते. हात थांबला. डॉक्टर का नाही ठेवायचा सालानं?

यांना सांगितलं तर इतके हसले की उचकी लागली. मग हसू थांबलं. मग म्हणाले, "पुन्हा सांग बघू."

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी

रात्रभर आमचं हेच. गल्लीतल्या प्रत्येक घरानं महिन्याला एक रुपया द्यायचा, कुणी आजारी असो नसो. डॉक्टरांनी वर्षभर त्या घराला बघायचं. डॉक्टरांचा पगार काढून उरलेल्यातून औषधं ठोक भावानं आणायची. ज्याच्या घरी दुखणं नाही, त्याचा रुपया दुखणं असलेल्याच्या कामी. उद्या त्याच्या घरी दुखणं आलं की बाकीच्यांचे त्याच्या कामी. इतकं साधं आहे! हे कितीतरी दिवसांनी भाजीची चव घेऊन जेवले.

२५ मार्च

डॉक्टरांकडे दोघं गेलो. ऐकता ऐकता त्यांचे कान लाल झाले. "म्हणजे मी सालदार?" यांनी चुळबुळ केली. मी म्हटलं, शब्द आवडला नसेल तर दुसरा शोधू, पण विचार करा. डॉक्टरांनी रिकाम्या बाकाकडे पाहिलं. मांजरही आज नव्हतं.

"किती घरं होतील?" त्यांनी विचारलं.

१० एप्रिल

पुष्कळ झाली! पहिलं नाव जानरावांचं. मैनाबाई सर्वांत शेवटी आली. विहिरीपलीकडे राहते, मुलगा-सून शेतावर, नात हिच्याजवळ. तोंडानं फटकळ. "पैसा घेऊन डाक्टर पळाला त मी तुमच्या दारात बसीन," असं मला बजावून रुपया ठेवला. मामा म्हणाले, याला कायद्याचा काही आधार नाही. नसू दे.

१२ मे

चारूच्या सगळ्या सुया वेळेवर. आता तारखेच्या आदल्या दिवशी मला बाजारात बाटली शोधत फिरावं लागत नाही. जानरावांच्या सुनेचं अडलेलं बाळंतपण डॉक्टरांनी पहाटे जाऊन सोडवलं. गल्लीत त्यांचं नाव झालं आहे. यांनी आज पेटी काढली! अकोल्याहून आल्यापासून पहिल्यांदा. सूर बेताचाच लागतो, पण मी काही बोलले नाही.

८ जून

कुठून दृष्ट लागली!

डॉक्टरांच्या दारात रोज रांग. कुणालाही काही झालेलं नाही. सगळ्यांना सुई पाहिजे. जानराव स्वतः बाही वर करून बसलेले. मी विचारलं तर म्हणाले, "सालदार ठेवला अन् त्याले बसून ठेवलं, असं कोनी करते का?" आणि मैनाबाईनं सगळ्यांदेखत मला धरलं: "तुमची पोरगी चांगली टनटन उड्या मारते. तिले शक्तीची सुई, अन् आमी कावून कोरडे?"

डॉक्टरांनी नाही म्हटलं की कुजबुज — वकिलाच्या भाचीला एक न्याय, आम्हाला दुसरा. कुणाचं मन मोडायला नको म्हणून त्यांनी ताकदीची औषधं देऊन पाहिली, तर रांग दुप्पट झाली. औषधाचा डबा तळाला आला, औषधाचे पैसेही संपले. संध्याकाळी डॉक्टर घरी आले. आवाज चढवला नाही, पण हे असंच चाललं तर महिनाअखेर थांबवतो म्हणाले. चारूच्या पुढच्या सुईपुरतं औषध आहे. त्याच्या पुढचं नाही.

९ जून

डॉक्टरांनी कुणालाही खरं सांगितलं नाही. मी गप्प राहायला सांगितलं होतं म्हणून. बिचारे शिव्या खातात आणि तोंड मिटून बसतात. शक्तीची सुई म्हणे! मीच सांगत सुटले होते ना सगळ्यांना?

मामींना म्हटलं, मी सांगणार. मामी म्हणाल्या, पोरीच्या कपाळावर आपल्या हातानं लिहून ठेवशील. हे म्हणाले, तुझ्यावर सोडतो. मला असा राग आला! माझ्यावरच कसं सोडता, मुलगी दोघांची ना? तेव्हा म्हणाले, मग मी सांगतो. नको म्हटलं. खोटं माझं होतं.

सुई राहिली तर लग्नापर्यंत पोचायची कशी पोर?

११ जून

सांगितलं.

जानरावांच्या ओसरीवर सगळी जमली होती. मी उभी राहिले. म्हटलं, "ती सुई शक्तीची नाही. चारूचं हृदय दुखावलेलं आहे. सुई चुकली तर पोर हातची जाईल. म्हणून तिला देतात. देव करो, तुमच्यापैकी कुणाला ती लागू नये."

मग माझ्या तोंडून आपोआपच निघालं. म्हटलं, सालदार म्हणायची चूक माझी. डॉक्टर आपला जागल्या आहे. उभ्या पिकात रात्री राखणीला जागल्या ठेवतो, तेव्हा रोज चोर यावा असं म्हणतो का आपण? जागल्या नुसता बसून राहिला, तर ते साल चांगलं गेलं.

जानराव आजही बाही वर करूनच बसले होते. म्हणाले, "आधी काहून नाई सांगतलं, बाई?" आणि बाही खाली केली. मैनाबाई उठून गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

घरी आले तर चारू दारात. ऐकलं होतं तिनं. "आई, मी आजारी आहे?" नाही म्हटलं, तू आजारी पडू नयेस म्हणून सुई. तिला पटलं. खेळायला गेली. मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

१४ जून

रांग नाही. कुणी यादीतून नाव काढून घेतलं नाही, रुपये आले. पण विहिरीवर मी गेले की बोलणं थांबतं. मामी म्हणाल्या, "झालं समाधान?" झालं. आणि नाहीही झालं.

१७ जून

चारू विटीदांडू खेळायला गेली तशीच परत आली. हिला दमवू नका असं कुणाच्या तरी आईनं सांगितलं आहे. चांगल्यासाठीच सांगितलं असेल. पोरगी भिंतीकडे तोंड करून झोपली.

१९ जून

उजाडत होतं तेव्हा मैनाबाई दारात. नातीला, जमुनेला, हाताला धरून. "हिचे बी सांधे सुजते. ताप येते, जाते. आमी वाढीचं दुखनं म्हनत होतो. तू सांगतलं तवापासून मले झोप नाई, पोरी."

तशाच गेलो. डॉक्टरांनी जमुनेची छाती ऐकली. पुन्हा ऐकली. नळी कानातून काढली आणि म्हणाले, "वेळेवर आणलंत."

मैनाबाई बाहेर आली आणि भर गल्लीत उभी राहून मोठ्यानं सांगती झाली, "माह्या नातीले बी थेच दुखनं हाय, अन् थेच सुई हाय." माझा हात घट्ट धरला होता. येत्या वेळी दोन सुया आणायच्या. दोघी पोरी एका बाकावर बसतील.