रंगीत दांड्यांची भाजी

बूढापारा, रायपूर
१० नोव्हेंबर २०२४

ती. नरहरीमामांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय. सासूबाईंची नजर फार कमी झाली आहे. भडक रंग तेवढे कळतात. डॉक्टर म्हणतात, आहे तेवढी टिकेल, सुधारणार नाही. मागच्या सोमवारी गच्चीवरच्या कुंडीतला पालक खुडून त्यांनी भाजी केली, त्यात गवत आलं. आम्ही मुकाट्याने जेवलो, पण काडी त्यांच्याच तोंडात आली. तेव्हापासून स्वयंपाकघरात पाऊल नाही. काल तुमच्या भाच्याला म्हणाल्या, "मले आता बसून खाऊ घाला." मला ऐकवेना. काही सुचवा. तुमची माया आहेच, ती राहू द्या.

तुमची निवेदिता


अमरावती
२१ नोव्हेंबर

चि. सौ. निवेदितास,
अ. उ. आ.

पत्र वाचून दिवसभर चैन पडलं नाही. सोबत स्विस चार्डच्या बिया आहेत. चव पालकासारखी, पण दांडे लाल, पिवळे, गुलाबी, अगदी भडक. विजयाताईलाच पेरू दे. मागे उभी राहून सांभाळू नकोस. लहानपणी विहिरीवर मी तिला सांभाळायला गेलो, तर तिने बादलीभर पाणी माझ्याच अंगावर ओतलं होतं. घरच्या सगळ्यांना आशीर्वाद. या म्हाताऱ्याची आठवण ठेवा.

नरहरीमामा


रायपूर
२६ जानेवारी २०२५

ती. मामांस,
सा. न.

बियांची पुडी सासूबाईंच्या हातात दिली, ती आठ दिवस खिडकीत पडून होती. मी तिला हात लावला नाही. मग एका सकाळी कुंड्या ओल्या दिसल्या.

काल त्या गच्चीवर गेल्या. मी जिन्यातच थांबले. वाकून, रंग बघून, एकेक दांडा त्यांनी बुडाशी खुडला. गवताला हात लागला नाही. खाली येऊन एवढंच म्हणाल्या, "पान नाही दिसत मले. दांडा दिसते." मग जाड दांडे आधी लसणाच्या फोडणीत, पानं मागून, भिजवलेली चणाडाळ घालून, बेसन लावून पातळ भाजी केली. मी मिठाचा डबा पुढे केला, तर मान हलवून "हव" म्हणाल्या, डबा घेतला आणि मलाच बाहेर बसवलं. जेवताना मी दोनदा भाजी वाढून घेतली. शेजारच्या शेवंताकाकू वाटी घेऊन गेल्या, आता बिया मागताहेत.

खालची ओळ सासूबाईंनी स्केचपेनने स्वतः लिहिली आहे. तिरकी गेलीय, तशीच पाठवते.

तुमची निवेदिता

चि. नरहरी, उन्हाळा तापायच्या आत ये. भाजी मीच करीन.
विजया