राहीबाईंची पिशवी

॥ श्री ॥
वाशी,
५ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप आबांस,
सुनयनाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

इकडे मी, हे आणि तुमची नात प्रिया असे तिघंही ठीक आहोत. फोनवर तुम्हाला आमचं ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन तुम्ही कपाटात घालून ठेवलंय, म्हणून म्हटलं कागदच बरा. कागदावर तरी तुम्हाला तीनतीनदा ‘काय? काय?’ करता येणार नाही.

एक काम होतं. आई असताना वर्षातून दोनदा साताऱ्याहून आमच्याकडे यायच्या तेव्हा मंगळवार पेठेतल्या बाबासोंच्या भट्टीवरचे फुटाणे आणायच्या. ह्यांना तेच लागतात. परवा सीवूड्सच्या मॉलमधून छान चकचकीत पाकीट आणलं, तर चार दाणे तोंडात टाकून म्हणाले की ह्याला वाळूचा वासच नाही. आता वाळूचा वास कुठून विकत आणू? तेव्हा तेवढी चक्कर मारा आणि थोडे फुटाणे घेऊन एसटीने पाठवा. आईंची पिशवी दारामागच्या खिळ्याला असेल, तीच घ्या. मी ब्लाउजच्या उरलेल्या चिंध्या जोडून त्यांना शिवून दिली होती ती.

हे विचारत होते की आईंचा फोटो फ्रेमवाल्याकडून आणलात का. तेराव्याच्या आधी टाकला होता ना? मार्गशीर्षात वर्ष होईल, तेव्हा लागेल. सवडीने बघा.

जेवण वेळेवर घ्या. सुनेवर लोभ आहे तो तसाच राहू द्या.

आपली,
सुनयना

॥ श्री ॥
सातारा,
१७ सप्टेंबर २०२४

चि. सौ. सुनयना हीस,
आबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. फुटाणे पाठवलेत. वाशीला हायवेवर गाडी थांबेल, राजवर्धनला उतरवून घ्यायला सांग. एकटीनं जाऊ नकोस, पोतं आहे.

हसू नकोस. ‘थोडे’ म्हणजे किती हे लिहायचं असतं बाई. मी तीस वर्षं वाशीच्या मसाला मार्केटात माथाडी होतो, तिथं थोडं म्हणजे एक पोतं, बरं म्हणजे दहा, आणि लई म्हणजे ट्रक. पावशेर-अच्छेर मी जन्मात घेतलं नाही. मी तिकडं खोलीवर राहायचो, खानावळीत जेवायचो, आणि इथला सगळा बाजार तुझी सासू करायची.

पिशवी घेतली नाही. खिळ्यापर्यंत हात गेला, पण काढवेना. मग रिकाम्या हातानंच गेलो. भट्टीवर बाबासो मला ओळखेना. मी म्हटलं, राहीबाईचा मालक. तर त्यानं विचारलं की वैनी बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत, गावाला गेल्यात का. त्या माणसाला कुणी सांगितलेलंच नव्हतं. समोर भरलेलं पोतं दिसलं, ते दाखवलं, रिक्षात टाकलं आणि निघालो.

आता मला असली कामं सांगू नकोस. आणि फोटोची एवढी काय घाई आहे? माझे गुडघे दुखतात.

प्रियाला पापा. माया असू द्यावी.

तुझा,
आबा

॥ श्री ॥
वाशी,
२६ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप आबांस,
सुनयनाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पोतं पोचलं! ह्यांनी ते लिफ्टमधून वर आणलं तेव्हा वॉचमननं विचारलं की तुम्ही धंदा सुरू केलाय का. सध्या आम्ही सकाळी फुटाणे, दुपारी फुटाण्याचं पीठ आणि संध्याकाळी फुटाण्याची भेळ खातो. तरी संपेनात, म्हणून गेटजवळ टेबल टाकून सोसायटीत वाटायला काढले. तळवलीच्या शेवंताबाई माझ्याकडे ब्लाउज शिवून घ्यायला येतात, खाडीकाठच्या जुन्या आगरी घरातल्या. त्यांनी मूठभर खाल्ले आणि म्हणाल्या की असा चनाफुटाना त्यांच्या आयशीचे हातचा होता. दोन डबे भरून घेऊन गेल्या. टेबल दोन दिवसांत रिकामं झालं.

बाबासोंचं वाचून मला रडू आलं, आबा. आपल्यापैकी कुणालाच त्यांना कळवायचं सुचलं नाही. आईंची माणसं घरातल्यापेक्षा बाजारातच जास्त होती, हे आता लक्षात येतंय.

गुडघ्यांना चालणं चांगलं असतं असं डॉक्टरच म्हणाले होते, म्हणून आणखी एक काम सांगते. मोती चौकाच्या अलीकडे आई हळद घ्यायच्या ते दुकान, आणि राजवाड्याच्या बाजूला श्यामसुंदर पेढेवाले. हळद पावशेर. पावशेर म्हणजे तुमच्या दोन मुठी, आबा, पोतं नव्हे. कंदी पेढे अर्धा किलो. आणि ह्या वेळी पिशवी घ्याच, नाहीतर तुम्ही परत रिक्षा कराल.

लोभ मात्र पोत्यानं असू द्या, तो पावशेर नको.

आपली,
सुनयना

॥ श्री ॥
सातारा,
११ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. सुनयना हीस,
आबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पिशवी घेतली. दोन दिवस नुसता दारापर्यंत जाऊन परत येत होतो. तिसऱ्या दिवशी चप्पल आधी घातली, मग पिशवी काढली, म्हणजे मागं फिरायला नको. आत खाली चुरगळलेला कागद आणि एक सुपारी होती, ती तशीच ठेवलीय.

आता गंमत ऐक. मला कुणी ओळखत नाही, पण पिशवीला सगळा सातारा ओळखतो! हळदीवाल्यानं माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही, खांद्याकडं बघितलं आणि विचारायच्या आधी मागच्या डब्यातली हळद काढली. म्हणाला की बाई पुढच्या डब्यातली कधीच घ्यायच्या नाहीत, तळहातावर चोळायच्या, हुंगायच्या, आणि मग त्याच्याशी भांडायच्या. ह्या वेळी मी सांगितलं. ती गेली म्हणून तोंडानं सांगितलं. तो माणूस उठून उभा राहिला. गिऱ्हाइकं थांबली होती तरी मला आत बसवून पाणी दिलं.

श्यामसुंदरकडं तर आणखीच नवल. त्यानं अर्धा किलोवर एक जरा करपलेला पेढा माझ्या हातावर ठेवला. म्हणाला की हा बाईंचा. कढईच्या कडेचा करपट पेढा ती मागून घ्यायची आणि तिथंच पायरीवर बसून खायची म्हणे. सुनयना, आमच्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली आणि मला हे माहीत नव्हतं. मी सणाला चार दिवस यायचो, तेव्हा ती माझ्यापुढं चांगले पेढे ठेवायची. रिटायर होऊन घरी आलो, त्याला चार वर्षं झाली नाहीत तोवर ती गेली.

मीही पायरीवर बसून तो खाल्ला. चांगला लागतो.

येताना तांबटाच्या आळीतून आलो. कल्हईवाला म्हणाला की बाईंचं एक पातेलं त्याच्याकडं पडून आहे, बुधवारी घेऊन जा. म्हणजे बुधवारी परत जावं लागणार. फ्रेमवाल्याची गल्ली त्याच्या पुढंच आहे, पण तिकडं वळलो नाही.

हळद पावशेरच आहे, मोजून बघ. माया असू द्यावी.

तुझा,
आबा

॥ श्री ॥
सातारा,
२९ ऑक्टोबर २०२४

सौ. सुनयना हीस, आशीर्वाद.

शेजारच्या जयमालानं बोलता बोलता सगळं सांगून टाकलं. तू रोज संध्याकाळी तिला फोन करतेस आणि आज आबा बाहेर पडले का, किती वाजता आले, डबा खाल्ला का, असं विचारतेस. मी काय शाळेतलं पोरगं आहे का?

आणि हळद वाशीत मिळत नाही होय? ज्या मार्केटात मी तीस वर्षं हळदीची पोती पाठीवर घेतली, जिच्यापायी माझे सदरे कधी पांढरे राहिले नाहीत, त्या मार्केटापासून तुझं घर चालत पंधरा मिनिटांवर आहे. आणि तू मला साताऱ्यात पावशेर हळद आणायला लावतेस! मी गाढव, म्हणून माझ्या लक्षात आलं नाही.

पिशवी खिळ्याला लावलीय. वर्षश्राद्धाचं तुम्ही तिकडंच काय ते करा.

आबा

॥ श्री ॥
वाशी,
५ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आबांस,
सुनयनाचा शि. सा. नमस्कार.

तुम्ही रागावलात ते बरोबरच आहे. मी खोटं बोलले. हळद इथे मिळते, पेढेही मिळतात. वाळूच्या वासाचं तेवढं खरं होतं.

आता खरं ते सगळं लिहिते. ऑगस्टमध्ये जयमालाकाकूंनी कळवलं की तुम्ही डबा तसाच परत देता, खिडकी उघडत नाही, महिना झाला तरी उंबरा ओलांडलेला नाही. हे सुट्टी काढून आले होते, तर तुम्ही त्यांना दारातूनच बरा आहे म्हणून परत पाठवलंत. त्या रविवारी हे जेवले नाहीत. मला भीती वाटली, आबा. तुम्ही आईंच्या मागोमाग निघालात असं वाटलं. इकडे चला म्हटलं असतं तर आला नसता, औषध घ्या म्हटलं असतं तर घेतलं नसतं. पण काम सांगितलं तर तुम्ही करता, हे आईंनीच मला लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं. म्हणून आईंची दुकानं एकेक करून तुमच्या गळ्यात घातली. चुकलं असेल तर पदरात घ्या.

आता काम कुठलंच सांगत नाही. फोटो आणवत नसेल तर नका आणू, पाटावर सुपारी ठेवू आणि नमस्कार करू. पिशवीतली ती सुपारीच ठेवू. तो फोटो मीच मोबाइलवर काढला होता, मोती चौकात. मलाही तो अजून उघडून बघवत नाही.

एक मात्र सांगायचं राहिलं. शेवंताबाईंचा तळवलीत एक गाळा रिकामा आहे. त्या म्हणाल्या की त्यांचे गावान टॉवर हाय, मॉल हाय, पन तोंड वलकून माल देनारा दुकान नाय, तेव्हा तू चालव. मी अजून हो म्हटलेलं नाही. मला चांगली हळद हुंगून ओळखता येत नाही. आईंना यायची, आणि तुम्हाला येते.

रागावा, पण पत्र पाठवा. लोभ तुटू देऊ नका.

आपली,
सुनयना

॥ श्री ॥
सातारा,
४ डिसेंबर २०२४

चि. सौ. सुनयना हीस,
आबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला महिना लागला. राग आठ दिवसांत गेला होता, पण कबूल करायला उरलेले दिवस गेले. तू खोटं बोललीस ते बरं केलंस. मी निघालोच होतो, तू म्हणतेस तसा. हे राजवर्धनला सांगू नकोस, किंवा सांग, काय व्हायचं ते होऊ दे.

त्या आठ दिवसांनंतर रोज बाजारात जातो. तू सांगितलंस म्हणून नाही. बाबासोला तोंडानं सांगायचं राहिलं होतं, ते आधी सांगून आलो. त्यानं त्या दिवशी भट्टी बंद ठेवली. श्यामसुंदरच्या पायरीवर माझी जागा झालीय. पावशेर मोजायला शिकलो. हळदीवाल्याशी भांडायलाही शिकलो, आणि मी भांडलो तेव्हा तो खूश झाला.

गेल्या आठवड्यात फ्रेमवाल्याकडं गेलो. मी टाळत का होतो, ते तुला सांगतो. फोटो भिंतीवर गेला, त्याला हार पडला की माणूस गेलं. तो दुकानात पडून होता, तोवर मला वाटायचं की ती बाजारात गेलीय.

प्रसाद नावाचा तरुण फ्रेमवाला आहे. त्यानं वर्षभर फोटो आत ठेवला नव्हता, समोर लावला होता, आणि रोज काच पुसायचा. मी त्याला तेव्हा सांगितलं होतं की खांद्यावरची पिशवी काप आणि नुसता चेहरा ठेव. त्यानं कापली नव्हती. म्हणाला की आजोबा, कापून बघितली, पण मग त्या बाई ओळखूच येईनात. फोटोत ती तुझ्यावर वैतागलेली दिसते, फोटो काढलास म्हणून. मी हसलो आणि तिथंच रडलोही. त्यानं स्टूल दिलं.

मी शंभर किलोची पोती उचलली आहेत, पण तो फोटो घेऊन घरी यायला मला अर्धा तास लागला.

घरी आल्यावर जयमालाकडून हातोडी मागून आणली. नवा खिळा कुठं ठोकावा म्हणून चारी भिंती बघितल्या. मग दारामागं नजर गेली. तिथला खिळा रिकामा होता, कारण पिशवी माझ्या खांद्यावर होती. तिथंच तिचा फोटो लावला. हार घातला नाही. सकाळी पिशवी घेऊन निघताना दार ओढून घेतो, तेव्हा ती समोर येते.

वर्षश्राद्धाच्या दोन दिवस आधी वाशीला येतो. फोटो मांडीवर घेऊन येईन, आणि परत नेईन. शेवंताबाईंना हो म्हणून कळव. हळद मी हुंगून देतो, मार्केटात माझी माणसं अजून आहेत. तूही तळहातावर चोळायला शीक. येताना फुटाणे पावशेर, पेढे अर्धा किलो आणि एक करपट पेढा तुझ्यासाठी.

कानाचं मशीन कपाटातून काढलंय. माया आहे ती कळली, तशीच असू द्यावी.

तुझा,
आबा